दोन बोटं पाणी

दादाला न विचारता हे सांगतेय. त्याला कळलं तर तो रागावणार नाही, नुसता गप्प बसेल. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे तीन. आमच्या घरातली मागची खोली.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. अंधारात भास झाला म्हणावं, तर तीही सोय नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. लोकांनी रेकॉर्ड केलेले आवाज तो कॉम्प्युटरवर स्वच्छ करून देतो. खोकला, खुर्चीची करकर, सगळं काढून टाकतो. कान इतके तिखट, की मी स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फोडला तरी मागच्या खोलीतून हाक येते, "मलाही."

पण त्याच्या कॉम्प्युटरचे पंखे घरघरायचे. तो अगदी जेरीस आला होता. शेवटी त्याने ठरवलं, मशीन पाण्याने थंड ठेवायचं. छोटा पंप नळ्यांतून पाणी फिरवत राहतो, पाणी उष्णता बाहेर नेतं, आवाज जवळजवळ नाहीच. दोन महिने वहीत आराखडे चालले होते. पंपाखाली फोम किती जाड, नळी कुठून वळवायची, काचेची टाकी कुठे बसवायची. आई म्हणाली, एवढ्या तयारीत लोकांची लग्नं उरकतात.

त्या रविवारी सकाळी त्याने सगळं जोडलं. पाणी भरलं. निळसर. शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषध असतं.

गळती तपासायला आधी नुसता पंप चालवून ठेवतात. दादाने प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला. टाकीवर मार्करने रेघ मारली. पंप किती वाजतो ते कळावं म्हणून माइक लावला आणि बाहेरून कडी घातली.

तीन वाजता आम्ही दार उघडलं.

पाणी रेघेच्या खाली गेलं होतं... दोन बोटं.

नळ्यांतली हवा निघाली की पातळी उतरतेच, असं दादा म्हणाला. त्याने रेघेपर्यंत भरलं. पुन्हा कडी घातली.

पाच वाजता... पुन्हा दोन बोटं.

त्याने एकेक टिश्यू उचलून बोटांत चुरगाळून पाहिला.

कोरडा.

टेबल कोरडं. फरशी कोरडी.

मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं. पंपाची बारीक गुणगुण. दूर कुठेतरी गाडी गेली. पुन्हा गुणगुण. आणि मग...

घोट.

गळ्यातून पाणी उतरल्याचा आवाज. मग लांब श्वास. मग पुन्हा घोट. सावकाश, जपून, पाणी संपेल या भीतीने कोणी प्यावं तसा.

दादाने हेडफोन नव्हे, स्पीकर लावला होता. मागे आई कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलंच नाही.

ती म्हणाली, "हे तुझे बाबा आहेत."

बाबा त्याच खोलीत गेले. त्या रविवारच्या वर्षभर आधी. मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाला पाऊण लिटर पाणी, वर थेंब नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मापून द्यायचं काम दादाकडे. आई आणि मी विरघळलो असतो, म्हणून. शेवटच्या संध्याकाळी बाबांनी आणखी एक घोट मागितला. दादा म्हणाला, उद्या देतो.

आईने टाकीकडे पाहत विचारलं, "हे पाणी पिण्याजोगं आहे का रे?"

दादाने स्पीकर बंद केला. मीच सांगितलं, नाही.

आईने टेबलावर तांब्या भरून ठेवला. रात्र गेली, दिवस गेला. तांब्यातलं पाणी होतं तेवढंच राहिलं.

टाकीतलं उतरत होतं.

दादाने सगळं पाणी काढलं, पंप बंद केला. टाकी कोरडी पुसली. माइक मात्र चालू ठेवला. त्या रेकॉर्डिंगमध्ये घोट नव्हता. कोरडे ओठ एकमेकांना चिकटून सुटतात ना... तो आवाज. तासभर.

त्याच दिवशी त्याने टाकीत पिण्याचं पाणी भरलं. औषधाशिवाय.

औषध नसलं की पंधरा दिवसांत नळ्यांना शेवाळ धरतं. म्हणून तो दर रविवारी सगळं सोडवतो, घासतो, पुन्हा जोडतो. रोज सकाळी दोन बोटं पाणी घालतो. एक दिवसही बाहेरगावी जात नाही. तहान भागली असेल, पुरे आता, असं मी एकदा म्हटलं.

"मग तूच बंद कर," तो म्हणाला. "माझ्याने होत नाही."

मी खोलीत गेले. बटणावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

मग परत आले.

आता मी नोकरीसाठी दुसरीकडे राहते. दादा त्याच खोलीतून फोन करतो. त्याचा कॉम्प्युटर आता अजिबात वाजत नाही.

म्हणून दादा बोलता बोलता थांबला की मी लगेच काहीतरी विचारते. जेवलास का, आई काय करतेय, काहीही.

मध्ये शांतता पडू देत नाही.