धक्का लागला की दिला?

कोडं असं होतं. वेळशीच्या खाडीवर सौरबोट चालवणाऱ्या काशिनाथ तांडेलांचा डावा हात गेला महिनाभर प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. आणि अकरा वर्षांच्या शलाकाला तर स्वच्छ आठवत होतं, की तांडेलमामांनी दोन्ही हात पुढे करून बोटीतल्या बापू खोतांना पाण्यात ढकललं. मग हा दुसरा हात आला कुठून?

कोडं घातलं विचारीने. विचारी हा तालुक्याच्या न्यायालयातला यंत्रमानव. साक्ष द्यायला आलेल्या मुलांनी आधी तासभर त्याच्यापाशी बसायचं, असा त्या काळी नियम झाला होता. त्याची एक खोड होती. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारताना समोरच्याने न वापरलेला शब्द तो चुकूनही वापरायचा नाही. त्यामुळे त्याच्याशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप, असं शलाकाचं मत दहा मिनिटांत झालं होतं.

आता ती घाबरली. अकरा वाजता सुनावणी होती. आंब्याच्या पेट्यांवरून बापू आणि तांडेलमामांचं आठवडाभर आधी कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे साऱ्या गावाचा मामांवर संशय. बापूंचा पाय मोडला होता, पण त्यांची पाठ वळलेली, त्यांना काही दिसलं नव्हतं. बोटीवरचा कॅमेरा खाऱ्या वाऱ्याने आंधळा झालेला. उरली त्याच बोटीत बसलेली एकटी शलाका. ती जे बोलेल त्यावर मामांची बोट राहणार की ते तुरुंगात जाणार, हे ठरणार होतं.

"मी खोटं नाही बोलत," ती रडवेली होऊन म्हणाली.

विचारीने वाद घातला नाही. त्याने तिला सहा शब्द ऐकवले: उशी, चादर, जांभई, अंथरूण, स्वप्न, पांघरूण. मग डब्यात काय आणलंय वगैरे चौकशी करून त्याने विचारलं, की यादीत 'खिडकी' होती का? नव्हती. 'जांभई'? होती. 'झोप'? होती की, शलाका म्हणाली, दुसराच शब्द तो. विचारीने यादी दाखवली. त्यात झोप कुठेच नव्हती. (तुम्हालाही ती ऐकू आली असेल, तर लाजू नका.)

"आठवण म्हणजे डब्यात बंद केलेलं चित्र नव्हे," विचारी म्हणाला. "दर वेळी मेंदू ती नव्याने जुळवतो, आणि मधली रिकामी जागा ओळखीच्या गोष्टींनी भरून काढतो. अशी जी आठवण तयार होते तिला छद्मस्मृती (न घडलेली गोष्ट घडल्यासारखी आठवणं) म्हणतात. ती खऱ्या आठवणीइतकीच स्पष्ट असते. म्हणून तर ओळखता येत नाही."

शलाकाला घरची आमटी आठवली. सकाळची आमटी दुपारी आजी गरम करते, पाणी घालते; संध्याकाळी आई कोकम टाकते. रात्री सगळे म्हणतात, सकाळचीच आहे.

मग विचारीने एक ध्वनिमुद्रण लावलं. अपघातानंतर चार मिनिटांनी तिने पोलिसांना केलेला फोन. तिचाच धापा टाकणारा आवाज: "धक्का लागला, आणि बापू पाण्यात गेले."

पलीकडून हवालदारांनी विचारलं, "धक्का कोणी दिला?"

मग, "तांडेलमामा होते तिथे."

"दोन्ही हातांनी दिला?"

"हो... बहुतेक."

पुढे तीन दिवसांत आत्या, शेजारी, वर्गातली मुलं, सगळ्यांना सांगता सांगता तो 'बहुतेक' कधी गळून पडला, तिला कळलंही नव्हतं. हवालदारांनी विचारला तशा प्रश्नाला सूचक प्रश्न (ज्याच्या पोटातच उत्तर दडलेलं असतं असा प्रश्न) म्हणतात, हे विचारीने सांगितलं. आणि मग त्याने एवढंच विचारलं, "'लागला' म्हणजे?"

हेही विचारायचं का, असं शलाकाला वाटलं. वेळशीत कोणालाही विचारा. बोट जिथे टेकते तो बांधीव काठ म्हणजे धक्का. बोट टेकली की म्हणायचं, धक्का लागला, उठा, पिशव्या घ्या. हवालदार होते घाटावरचे. त्यांच्या गावी खाडी नाही, बोट नाही. त्यांच्या लेखी धक्का देणारा कोणीतरी हवाच.

अकरा वाजता ती न्यायाधीशबाईंसमोर उभी राहिली. "बोट धक्क्याला लागली आणि बापू पडले, एवढं मला नक्की माहीत आहे," ती म्हणाली. "कोणी ढकललं, हे मी नंतर म्हणायला लागले. ते मी पाहिलं होतं, असं मला आता सांगता येणार नाही."

साक्षीदार मिळाला म्हणून बोटीच्या यंत्रातली नोंद तपासायची कोणाला गरजच वाटली नव्हती. बाईंनी ती तिथल्या तिथे मागवली. त्या सकाळी यंत्राचा ओहोटीचा अंदाज चुकून बोट आपणहून धक्क्यावर जोरात आदळली होती. तांडेलमामा सुटले. शिवाय बाईंनी हुकूम काढला, की यापुढे मुलांचं पहिलं सांगणं त्यांच्याच शब्दांत, मध्ये न बोलता नोंदवायचं. हवालदारांनी तो दोनदा वाचून घेतला.

बाहेर शलाका खाली मान घालून मामांसमोर गेली. ते रागावतील, याची तिला खात्री होती. मामा खाली बसले.

"खोटा नाय गो बोललीस तू," ते म्हणाले. "चुकलीस. नि चुकलंय ता सगळ्यांसमोर सांगितलंस. गावातला येक मोठा मानूस सांगता काय असा?"

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं, आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली.