तिसरी हाक

नीरजा शनिवारी दुपारी स्टेडियमवर गेली ती अगदी साध्या कामाला. रविवारच्या डोंगरातल्या हाफ मॅरेथॉनचा नंबर आणायचा होता. टेबलामागच्या बाईंनी यादीत नाव पाहिलं, छातीवर लावायचा कागद दिला, चार सेफ्टी पिना हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "तीन घंटे में लौट आना दीदी, उसके बाद मेडल नहीं मिलता." नीरजा नुसती हसली. मेडलची पर्वा होती कुणाला! तिची पैज त्याहून मोठी होती.

पैज अशी. तिच्या नवऱ्याच्या, सुबोधच्या, घराण्याला झाशीत येऊन दोन-अडीचशे वर्षं झालेली. एवढ्या काळात घरातली मराठी झिजत झिजत सासऱ्यांच्या, म्हणजे बापूरावांच्या, तोंडी तेवढी धडधाकट, नि सुबोधच्या तोंडी कामापुरती उरली होती. आठ वर्षांच्या चारुताला ती सगळी समजायची, पण बोलायची वेळ आली की गाडी हिंदीच्या रुळावर. नीरजाला ती पहिल्यापासून "मम्मी" म्हणत आलेली. आणि नीरजाची एकच हौस, लेकीने आपल्याला "आई" म्हणावं. पोस्टात तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणी हसायच्या. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

"आई?" चारुता खिदळायची. "कौन आई? कहाँ से आई?"

हिंदीत आई म्हणजे आली. हाक मारायचा हा काय शब्द झाला, असं तिचं म्हणणं. पण रोज पहाटे धापा टाकत परतणाऱ्या मम्मीची दया आली असावी. गेल्या महिन्यात तिने एकदाचं कबूल केलं, "तीन घंटे के अंदर आ गईं, तो आई बोलूँगी. हमेशा. पक्का."

शनिवारी संध्याकाळी जेवताना बापूरावांनी सुनेला हटकलं. "धुकं फार पडतंय, नीरजा. डोंगरात कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये हो. तीन हाका मोजायच्या. आपलं माणूस असलं तर तिसऱ्यांदा बोलावतं. दुसरं काही असलं, तर दोनदा बोलावतं नि गप्प होतं."

"और जवाब दे दिया तो?" चारुताचे डोळे एवढे झाले.

"मग ते आपलं होऊन बसतं," बापूराव म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

नीरजाने हसू दाबलं. तिला धास्ती होती ती तेराव्या किलोमीटरपुढच्या चढाची. त्याबद्दल संभाजीरावांनी, सिव्हिल लाइन्समधल्या पळणाऱ्यांच्या म्होरक्यांनी, एकच कानमंत्र दिला होता. "चढावर मागे वळून पाहायचं नाही, ताई. दम तिथेच तुटतो."

रविवारी सकाळी ढोल वाजला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आनंदाचा. जानेवारीची थंडी, तोंडातून निघणारी वाफ, चारशे जोडी बुटांचा थडथडाट! आयुष्यात कधी शाळेच्या शर्यतीतही न धावलेली बाई आज नंबर लावून पळत होती. चेहऱ्यावरचं हसू जाईचना. वाटेतल्या गावांत बाया शेकोट्या सोडून रस्त्यावर आल्या होत्या, मुलं टाळ्या पिटत ओरडत होती, "आई! आई! वो देखो, एक और दीदी आई!" अर्थ काहीही असो, शब्द तोच. नीरजाला गुदगुल्या झाल्या. तिने दोन्ही हात उंच करून हलवले.

तेरावा किलोमीटर संपला तेव्हा घड्याळाने तिला जमिनीवर आणलं. आठ किलोमीटर बाकी आणि हातात जेमतेम चौसष्ट मिनिटं. समोर चढ. पुढचे पळणारे धुक्यात विरघळलेले, मागचे फार मागे राहिलेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे गोल खडक आणि निष्पर्ण पळस. स्वतःचा श्वास आणि स्वतःचे बूट, एवढाच काय तो आवाज.

"आई..."

नीरजाने मान वर केली. पुन्हा एखादं गाव आलं वाटतं. पण इथे घर नव्हतं, शेकोटी नव्हती. आणि हा आवाज ओरडत नव्हता. कुणीतरी आली असं कुणाला सांगतही नव्हता. तो बोलावत होता.

"आई..."

या वेळी अगदी मागून, कमरेच्या उंचीवरून. अडीच-तीन हातांवर. मराठी मूल आईला हाक मारतं तसा, शेवटचा सूर जरासा ओढलेला. ओल्या लोकरीचा वास आला, धुरात सुकत घातलेल्या स्वेटरचा. नीरजाच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. तिने मोजलं... दोन. आता तिसरी.

तिसरी आलीच नाही.

दहा पावलं. वीस पावलं. धुकं गप्प. बापूरावांचे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही, चांगले आठवले. पण आठ वर्षं ज्या शब्दासाठी कान आसुसले होते तो शब्द असा दोनदा येऊन विरून जावा, हे तिला सहन होईना. खुळेपणा, दुसरं काय! बाई चढावर एकटी होती, ऐकायला कुणी नव्हतं.

"ओ!" ती म्हणाली. "ओ बाळा!"

आणि काय सांगावं, पायांत एकदम बळ आलं. चढ जणू सपाट झाला. टी-शर्टला मागून किंचित ओढ लागली होती, पण त्या ओढीनेच पाय जास्त रेटत होते. बुटांच्या आवाजाला जोडून आणखी एक आवाज लागला होता... चप, चप, चप... अनवाणी पावलांसारखा. मागे पाहायचं नाही. दम तुटतो. तिने पाहिलं नाही. माथा आला, उतार लागला, आणि नीरजा वाऱ्याच्या तोंडावर हसत सुटली. इतक्या वेगाने ती जन्मात धावली नव्हती. एकामागून एक माणसं मागे पडत गेली.

सतराव्या किलोमीटरला पाणी होतं. तिथल्या मिशाळ काकांनी संत्र्याच्या फोडी पुढे केल्या, आधी दोन, मग जरा खाली वाकून आणखी दोन.

"इतनी ठंड में बच्ची को बिना चप्पल के?" ते नाराजीने म्हणाले.

नीरजा थांबली नाही. दुसऱ्या कुणाला बोलले असतील... पण तिच्या आसपास दुसरं कुणी नव्हतं. तिचं हसू पहिल्यांदा मावळलं, ते तिथे. पुढचे चार किलोमीटर ती पळाली ती मेडलसाठी नाही आणि पैजेसाठीही नाही.

दोन तास अठ्ठावन्न मिनिटं! सुबोधने ते ओरडून सांगितलं, उड्या मारल्या, तिच्या गळ्यात मेडल पडल्यावर फोटो काढले. मग तिच्या पाठीकडे पाहून म्हणाला, "हे काय गं? टी-शर्ट मागून केवढा लोंबलाय. कुणी ओढला का?"

मागची कड वीतभर खाली आली होती. तिथे एक लहानशी जागा चुरगळलेली होती, मुठीएवढी, आणि ओली माती.

नीरजाने ते पाहायचं टाळलं. गुडघ्यांवर बसली आणि लेकीसमोर हात पसरले. तिला आता तो शब्द हवा होता, चारुताच्या तोंडून, ताबडतोब. म्हणजे बाकीचं सगळं खोटं ठरलं असतं.

"आले की नाही वेळेत? बोल आता."

चारुता बापाच्या मागे सरकली. "नहीं, मम्मी."

"का गं? पक्का म्हणाली होतीस ना?"

"वो गुस्सा हो जाएगी..."

"कोण?"

चारुताने बोट दाखवलं नाही. नीरजाच्या कमरेपाशी, किंचित मागे, ती पाहत राहिली. मग कुजबुजली, "जिसने आपको पकड़ा है... वो कह रही है, आई उसकी है."

नंतर सगळ्यांनी समजूत घातली. थकवा म्हणे, गर्दी म्हणे, मुलीचं मन म्हणे. बापूरावांनी फक्त एकदा विचारलं, "ओ दिलीस?" नीरजा ताटं आवरायला उठली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मेडल कपाटात आहे. चारुता अजून मम्मीच म्हणते, दुसऱ्या शब्दाचं नावही काढू देत नाही.

हाका मात्र येतात. दिवसाढवळ्या, नीरजा भाजी चिरत असते तेव्हा, चारुता शाळेत असते तेव्हा. आई... आई... दोनच. नीरजा सुरी ठेवते, ओठ घट्ट मिटते. दोनच आहेत, म्हणजे आपलं नाही, असं मनाला बजावते, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निभतो.

गेल्या गुरुवारी दुपारी दोन हाका आल्या. नीरजाने ओठ मिटले. ओल्या लोकरीचा वास स्वयंपाकघरभर पसरला.

मग तिसरी आली.