रुंद पान, अरुंद पान

"ही नवी जात आहे," ठोकळ्या म्हणाला.

रेवाला खरंच वाटेना. चंद्रपूरजवळ बंद झालेल्या कोळसा खाणीच्या जागी २०६१ साली संग्रहालय होतं. तिची हेमाआत्या तिथे जीवाश्म (दगडात टिकून राहिलेल्या प्राचीन जिवांच्या खुणा) तपासायची आणि ठोकळ्या हा तिचा रोबो. रेवाला सापडलेल्या दगडावर दोन पानं होती. रुंद पानाची जात शंभर वर्षांपूर्वीच 'नेच्यासारखी' (फर्नसारखी) म्हणून नोंदलेली होती. अरुंद पान मात्र कुठल्याच नोंदीत नव्हतं.

"मग आमच्या सोनधाब्याचं नाव देऊ," रेवा म्हणाली. "गाव नकाशात सापडत नाही, निदान पुस्तकात तरी सापडेल."

"आधी दगड पूर्ण साफ कर," आत्या म्हणाली. "अर्धवट बघून वर्णन लिहायचं नसतं."

भिंगाखाली सुईने कण कण उकरताना रेवा मध्येच थांबली. दोन्ही पानांचे देठ खाली एकाच खोडाला जोडलेले होते.

"ठोकळ्या, हे दिसलं नाही तुला?"

"देठ दगडाखाली होते. मी पानं पाहिली."

"आणि लगेच बारसं करून मोकळा झालास."

तिने सुई खाली ठेवली. "आत्या, ही एकच जात आहे. म्हणजे जुनंच नाव राहणार ना?"

"हो. आधी दिलेलं नाव टिकतं. पण अरुंद पानाची खालची बाजू बघ."

तिथे बारीक ठिपक्यांच्या रांगा होत्या.

"या बीजाणुधानी," आत्या म्हणाली. "म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. नेच्याला बी नसते. धुळीसारख्या बीजाणूंपासून त्याची नवी रोपं होतात. काही नेच्यांना दोन तऱ्हेची पानं येतात. रुंद अन्न बनवतात, अरुंद बीजाणू धरतात. त्या काळी बी धरणाऱ्या काही झाडांची पानंही हुबेहूब नेच्यासारखी असायची. त्यामुळे नुसत्या रुंद पानावरून हा नेचा आहे, असं आजवर कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही."

रेवा ताठ बसली. "मग आता मी सांगते. ठोकळ्या, लिही. हा नेचाच आहे. पुरावा, एका खोडावर दोन्ही पानं, अरुंद पानाखाली बीजाणुधानी."

"लिहिलं. नव्या जाती शून्य."

"शून्य तर शून्य. शंका मिटली ते लिही."

आत्या हसली. "आणि ती कुणी मिटवली, ते मी लिहिते."

"नुसतं 'नेच्यासारखं' म्हणून ठेवलेलं अजून किती आहे?" रेवाने विचारलं.

आत्याने भिंतभर खणांकडे बोट दाखवलं. रेवाने बाह्या दुमडल्या आणि पहिला खण ओढला.