खुंटीवरची गाठ

ओळखपत्राचा फोटो काढायला येणाऱ्या निम्म्या पुरुषांना टाय बांधता येत नाही. म्हणून आमच्या स्टुडिओत आरशाशेजारी एक काळा टाय गाठ मारूनच टांगलेला असतो. डोक्यातून घालायचा, गाठ वर सरकवायची, फोटो झाला की पुन्हा खुंटीवर. ती गाठ बाबांच्या हातची. ते गेल्यावरही आम्ही ती सोडली नव्हती.

माझं मात्र त्या काळ्या टायशी कधी जमलं नाही. मी पडद्याच्या उरलेल्या कापडाचा बो लावतो, कधी कॅमेऱ्याच्या जुन्या चामडी पट्ट्यांची वेणी, कधी नुसती रंगीत बटणांची माळ. गिऱ्हाईक आधी माझा गळा बघतं, मग हसतं, आणि मी तेवढ्यात फोटो काढून घेतो. बाबा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, "हं" म्हणायचे आणि लेन्स पुसायला लागायचे. त्यांना आवडायचं की लाज वाटायची, एवढंच मला ऐकायचं होतं. ते न सांगताच गेले.

एके दिवशी मी छत्रीच्या ठिपकेदार कापडाचा बो लावून आलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर खुंटीवरचा काळा टाय बो होऊन बसलेला.

"आई, टायला हात लावलास?"

"मला वेणी घालता येते, टाय नाही," काउंटरवर फोटो कापता कापता आई म्हणाली.

मी मुद्दाम चामडी वेणी घालून आलो. सकाळी टायची वेणी झाली होती. मग मात्र मी कुलूप बदललं आणि दोन्ही किल्ल्या उशाखाली घेऊन झोपलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण कुणीतरी माझी चेष्टा करतंय म्हटल्यावर मीही काही कमी नव्हतो. रविवार खर्ची घालून मी लाल फडक्याची फुलासारखी गाठ जमवली आणि दिवसभर मिरवली.

सोमवारी खुंटीवर तसंच फूल होतं. माझ्यापेक्षा एक पाकळी जास्त.

आईनं चष्मा लावून पाकळ्या मोजल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बाप आहे तो तुझा. हरेल होय?"

त्यानंतर आमच्या घरात नुसती धमाल होती. रात्री जेवताना आई नव्या गाठी सुचवायची, सकाळी दुकान उघडायला माझ्याआधी चपला घालून तयार. एका कडक हेडमास्तरांनी ते काळं फूल घालून फोटो काढला, आरशात स्वतःला बघितलं आणि "असंच राहू द्या हो" म्हणत तसेच शाळेत गेले; टाय संध्याकाळी शिपायाहाती परत आला. मी इतका खूश कधीच नव्हतो. फक्त बाबांच्या तोंडचा तो एक शब्द तेवढा ऐकायचा राहिला होता.

काल सकाळी टाय मोकळा लटकत होता. गाठ नाही, चुणी नाही.

खेळ संपला, आणि माझं विचारायचंच राहिलं.

मी टाय गळ्याभोवती टाकला आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसलो. एक आठवण म्हणून स्वतःचा फोटो काढावा, एवढंच डोक्यात होतं. रिमोट हातात धरला आणि हनुवटी आपोआप वर गेली. शाळेत जाताना बाबा टाय बांधायचे तेव्हा जायची तशी.

गळ्याशी कापड सरसरलं. गार बोटं लागली.

मी रिमोट दाबला.

बाहेरून आई म्हणाली, "स्वतःलाच छान काय म्हणतोस रे?"

मी तोंडही उघडलं नव्हतं.

गळ्याशी जी गाठ होती ती मला अजून सोडवता आलेली नाही, सोडवायचीही नाही. फोटो आईनं काउंटरमागे लावलाय. त्यात मी कानापर्यंत हसतोय, फक्त जरा पुसट आलोय. कॅमेरा मी तपासला, काही बिघाड नाही. समोर सगळ्यात जवळ जो असेल, त्याच्यावरच तो फोकस धरतो.