आतून लावलेली कडी

"काय घातलंस त्यात?"

सासूबाईंचा आवाज असा कडाडला, की तिच्या चिमटीतली उरलीसुरली साखर ओट्यावर सांडली... पातेल्यात टोमॅटोचा रस्सा रटरटत होता. गॅलरीत, रंगाच्या जुन्या डब्यांमध्ये सासूबाईंनी लेकरांसारखे वाढवलेले, आज सकाळीच देठासकट खुडलेले लालबुंद टोमॅटो! आणि त्या पातेल्यावर वाकलेली, चोरी करताना सापडावी तशी गोठून गेलेली ती... सात वर्षांपूर्वी या घरात आलेली सून!

"काही नाही, आई... साखर. जरा आंबट वाटलं म्हणून..."

"आंबट वाटलं? तुला?" सासूबाईंचा चेहरा रागाने थरथरू लागला. "बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांना जेवू घातलं मी. एकानेही कधी ताट मागे सारलं नाही. आणि तू मला आंबटगोड शिकवणार?"

आरडाओरडा ऐकून तिचा नवरा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आला. बस चालवणारा हा माणूस भर गर्दीत कधी हॉर्नसुद्धा जोरात वाजवायचा नाही, पण आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याचे ब्रेक लागलेच म्हणून समजा.

"अगं, आजच्या दिवशी तरी..." तो बायकोलाच म्हणाला.

"आजची गोष्ट नाहीये ही!" सासूबाई उसळल्या. "परवाही पाहिलं मी. माझी पाठ वळली की हिचा हात पातेल्यात! माझ्या हातची चव डोळ्यांत खुपते हिच्या. तीन वर्षांनी माझी लेक घरी येतेय, जावई पहिल्यांदा या घरात जेवणार, आणि हिला त्यातही स्वतःची टिमकी वाजवायचीय! नीघ. नीघ बाहेर आधी!"

आणि दंडाला धरून त्यांनी तिला बाहेर काढलं. स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं, आतून कडी सरकली.

नवरा साबण पुसत म्हणाला, "तुला काय गरज होती गं लुडबुड करायची?"

ती काय बोलणार होती? एका वाक्यात ती निर्दोष ठरली असती... पण तेच वाक्य दोन वर्षं तिने गिळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई तीन आठवडे तापाने फणफणल्या होत्या. उठल्या त्या दिवशी हट्टाने त्यांनीच चहा केला. तिने पहिला घोट घेतला आणि तो घशाखाली उतरेना, साखरेच्या जागी मीठ पडलं होतं! ती हसून काही बोलणार, तोच समोर सासूबाईंनी अर्धा कप रिकामा केला आणि म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी बरं वाटलं. छान झालाय, नाही?" त्यांच्या डोळ्यांत एक विचित्र भीती होती, तिच्या तोंडाकडे एकटक लागलेली. तिने तो खारट चहा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. "छान झालाय, आई."

सासूबाईंची चव गेली होती, वास गेला होता. त्या कुणाला म्हणून सांगत नव्हत्या! सासरे गेल्यानंतर, नोकरी संपल्यानंतर या बाईजवळ उरलं होतं ते एवढंच... ताटावर बसलेल्या माणसाने मान हलवावी आणि म्हणावं, 'तुमच्या हाताची सर कुणाला नाही.' जीभ गेली तरी हात शाबूत आहेत, या एका विश्वासावर त्या तग धरून होत्या. आणि तो विश्वास टिकवण्यासाठी त्यांची सून रोज, त्यांची पाठ वळली की, एक चमचा चाखायची, चिमूटभर काही घालायची, कधी पाणी, कधी साखर, आणि मुकाट्याने बाजूला व्हायची. कौतुक व्हायचं सासूबाईंचं. ते ऐकताना तिला कधी वाईट वाटलं नाही असं नाही... तीही माणूसच होती! पण सासूबाईंचा उजळलेला चेहरा पाहिला, की मनातली सल आपोआप विरून जायची.

दाराबाहेर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ती कान लावून बसली. आत लसणाची फोडणी चुरचुरली. मग मिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. तो डबा उघडताना एक विशिष्ट कर्कश आवाज करायचा, तो तिला झोपेतही ओळखू आला असता. ठीक, मीठ पडलं. तिने श्वास सोडला.

थोड्या वेळाने झाकण पुन्हा वाजलं!

ती ताडकन उठली. रागाच्या भरात पहिलं मीठ विसरल्या होत्या! चाखून पाहणाऱ्या बाईला कळलं असतं, यांना कोण सांगणार? तिने दारावर थाप मारायला हात उचलला. पण पाठीमागे नवरा आरशासमोर भांग पाडत होता. 'आई, मीठ दोनदा पडलं' असं म्हटलं, तर तो विचारणार, आईला कळत कसं नाही? हात तसाच हवेत राहिला, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

नणंद आली ती भरल्या डोळ्यांनी. हिच्या पसंतीच्या मुलाला आईने नाही म्हटलं, म्हणून ही हट्टाने लग्न करून गेली आणि तीन वर्षं दोघींनी एकमेकींचा आवाज ऐकला नाही. गेल्या महिन्यात फोनवर तिने एवढंच विचारलं होतं, "आई, टोमॅटो धरलेत का गं यंदा?" आणि आईने एवढंच उत्तर दिलं होतं, "ये खायला." रुसवा काढायची या दोघींची पद्धत हीच होती.

सासूबाईंनी कडी काढली, पातेलं स्वतः उचलून टेबलावर आणलं. पाव कापले, वाट्या भरल्या. लेकीने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला, डोळे मिटून तोंडात घातला...

आणि डोळे उघडले. तिचा चेहरा आक्रसला. जावई बिचारा सज्जन, त्याने शूरपणे दुसरा घास घेतला आणि सबंध तांब्या पाणी संपवलं. नवऱ्याने घास तोंडातच धरून ठेवला.

"काय झालं?" सासूबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तीच, दोन वर्षांपूर्वीची भीती! "बोला ना... काय झालं?"

"आई, हे..." नणंदेचा आवाज फुटला. "तीन वर्षं मी या चवीसाठी जीव टाकलाय... आणि हे तोंडात धरवत नाही इतकं खारट! अजून राग आहे का तुझा माझ्यावर?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आणि तो उतरताना पाहून सुनेच्या तोंडून शब्द निघून गेले, तिलाही आवरले नाहीत...

"मी केलं ते! मीठ मी टाकलं. आई हात धुवायला गेल्या ना, तेव्हा आत जाऊन मूठभर टाकलं. सकाळी त्या मला बोलल्या, त्याचा राग होता."

"वहिनी!" नणंद किंचाळली. "इतकं विष आहे तुझ्या मनात?"

"माफी माग," नवरा उभा राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "आत्ताच्या आत्ता आईची माफी माग!"

तिने खाली वाकून सासूबाईंच्या पायांना हात लावला. "चुकलं माझं, आई."

पण सासूबाई हलल्या नाहीत. त्या सुनेकडे बघत होत्या. मग त्यांनी वाटी ओढली, चमचाभर रस्सा तोंडात घेतला, घोळवला... आणखी एक चमचा... आणखी एक. जिभेला फक्त ऊब जाणवली.

"मी हात धुवायला गेलेच नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, राहू द्या ना..."

"कडी मी आतून लावली होती. मीच काढली. पातेलं मी माझ्या हातांनी आणलं." त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "तू आत पाऊलसुद्धा टाकलं नाहीस. मग हे खोटं का बोललीस गं?"

सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्या पाण्यातच सासूबाईंना सगळं दिसलं. परवाचा पातेल्यातला हात, आजची साखर, आणि तो चहा... तो संपवलेला चहा!

"तेव्हापासून?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं?"

तिने मान हलवली.

"आणि मी समजत होते, माझे हात..." सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. लेकाकडे, लेकीकडे वळून म्हणाल्या, "ऐका रे. मला चव कळत नाही. तापात गेली ती गेली. दोन वर्षं या घरात जेवणारा जो तो ज्याचं कौतुक करत होता, ते हिच्या जिभेचं होतं. आणि त्याच जिभेने हिने आत्ता माझ्यासाठी स्वतःला चोर ठरवून घेतलं... हिला मी दंडाला धरून बाहेर काढलं! माफी मागायची तर ती मी मागायची."

नवऱ्याने मान खाली घातली. नणंद उठून वहिनीच्या गळ्यात पडली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. जावयाला काय करावं सुचेना, म्हणून त्याने तांब्या पुन्हा भरून आणला.

थोड्या वेळाने सासूबाई उठल्या. गॅलरीत जाऊन त्यांनी उरलेले पाच टोमॅटो खुडून आणले, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"चल आत," त्या सुनेला म्हणाल्या.

ओट्याशी दोघी शेजारी उभ्या राहिल्या. सासूबाईंच्या सुरीखाली टोमॅटोच्या पातळ, एकसारख्या चकत्या पडत गेल्या. ते हात खरोखरच शाबूत होते. पहिली चकती त्यांनी सुनेच्या तोंडात घातली.

"कसा आहे?"

"छान आहे, आई."

"तसं नको. आता खोटं नको नि थोडक्यातही नको. नीट सांग मला... कसा लागतो?"

तिने घास सावकाश चावला. "आधी गोड लागतो. मग जिभेच्या कडांना आंबट. आणि शेवटी... तुम्ही झाडांना पाणी घालता ना, तेव्हा पानांना हात लागला की तुम्हाला जो वास यायचा, तो."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हो," त्या म्हणाल्या, "तसाच असायचा."

आणि मिठाचा डबा त्यांनी सुनेच्या हातात दिला.