रिकाम्या ट्रेलरचं वजन

ही गोष्ट खरी आहे. शाळेत कुणी नाक मुरडलं, की मी त्याला सरळ वेंडेलमामाकडे पाठवते. मामाच्या उजव्या हाताला आता तीनच बोटं आहेत.

मग कुणी हसत नाही.

गेल्या ऑगस्टमधला दुसरा शनिवार. दुपारचे अडीच. वायोमिंगमधला आमचा कॉटर घाट. लख्ख ऊन. भुताखेतांची वेळच नव्हती ती!

मी सोळा वर्षांची. लायसन्स मिळून अकरा दिवस झालेले, त्यामुळे सगळं जग माझंच होतं. बॅरल रेसमध्ये, म्हणजे पिंपांना वळसे घालत घोडी पळवायच्या शर्यतीत, माझी मिंटी जिल्ह्यात पहिली आली होती. आता पुढची शर्यत राज्याची. तिला न्यायला ट्रेलर हवा, म्हणून मामाने घाटापलीकडच्या ओरिन टक नावाच्या म्हाताऱ्याकडून चार घोड्यांचा जुना ट्रेलर घेतला. तो रिकामा घरी ओढत आणायचा, एवढंच काम.

"चालवणार कोण?" मामाने विचारलं.

"मी!"

"थांब मग. मृत्युपत्र लिहून येतो."

टकच्या अंगणात आम्ही ट्रेलरच्या बाजूचं छोटं दार उघडून आत बघितलं. दोघांनी बघितलं. रिकामा. नवा रंग, नवी रबरी चटई. पण रंगाखाली पत्र्याला फोड आले होते... भाजलेल्या कातडीला येतात तसे.

मागचं मोठं दार जाड तारेने आवळून बांधलेलं होतं.

"कडी धड नाही," टक म्हणाला. "तार सोडू नका." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चढावर हळू जा, पोरी."

"रिकामाच तर आहे, आजोबा!"

तो तारेचा पीळ पुन्हा एकदा आवळायला गेला.

आता काट्याचं सांगते, कारण सगळं त्या काट्यावरच आहे. आमच्या डिझेल पिकअपमध्ये मामाने एक जादा काटा बसवलाय. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय, ते तो दाखवतो. ओझं ओढत चढ चढताना पाय दाबून धरला, की धूर तापत जातो. आधी टर्बो जातो, मग पिस्टन वितळतात. बाराशे पन्नास फॅरनहाइटवर मामाने माझ्याच लाल नेलपॉलिशने रेघ मारलीय. काटा रेघेकडे निघाला, की गियर खाली, पाय हलका, एसी बंद. आणि थांबलं तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. काटा तीनशेवर उतरेपर्यंत चालू ठेवायचं. पाढ्यांसारखं पाठ आहे मला!

मागे रिकामा ट्रेलर असेल तर सपाटीवर काटा सातशे. चढावर फार तर हजार.

सपाटीवर सातशेच होता.

मग चढ लागला...

अकराशे.

"पाय काढ, हॅडली."

"काढलाय, मामा!"

बाराशे.

मी गियर खाली घेतला. एसी बंद केला. पिकअप असा कण्हत होता, जणू मागे कुणी डोंगरच बांधलाय.

"ब्रेक चिकटला असणार," मामा म्हणाला. "घे बाजूला. इंजिन चालू ठेव."

मामाने खाली उतरून ट्रेलरच्या चाकांना एकेक करून हात लावला. ब्रेक चिकटला असता तर एखादं तरी चाक तापलं असतं.

चारही गार.

तेवढ्यात आतून आवाज आला...

धाड.

लोखंडावर नाल आपटल्याचा.

"मामा, आपण आत बघितलं होतं ना?"

"कोल्हा-बिल्हा शिरला असेल गं."

"कोल्ह्याला नाल कधीपासून ठोकायला लागले?"

मामा हसला. हसत हसतच त्याने बाजूचं दार उघडलं आणि चौकटीला धरून आत डोकावला.

धाड!

मामा आठ फूट लांब खडीवर जाऊन पडला. उजव्या हाताचं हाड बाहेर आलं होतं. दोन बोटं नुसत्या कातडीवर लोंबत होती. रक्ताची चिळकांडी उडत होती, थांबत होती, पुन्हा उडत होती.

मी दाराकडे बघितलं. आत ऊन पडलं होतं. कुणीही नव्हतं.

वासरांचे पाय बांधायची दोरी गाडीत होती. ती दंडाला आवळली, खूर साफ करायचा आकडा घालून पीळ दिला. मामा गुरासारखा ओरडला. फोनला रेंज नाही. मागे चाळीस मैल नुसतं माळरान. दवाखाना घाट उतरून, आमच्या गावाच्या बाजूला.

ट्रेलर तिथेच सोडायचा म्हणून मी जोडाचा खटका धरला... आणि माझा तळवा चरचरला. खटका तव्यासारखा तापला होता. उचलता उचलेना. तो डाग अजून आहे.

मग मामाला कसंबसं गाडीत बसवलं आणि ट्रेलरसकटच निघाले.

जोरात जावं, तर इंजिन जळणार आणि आम्ही तिथेच अडकणार. हळू जावं, तर मामाचं रक्त संपणार.

दुसरा गियर. ताशी बारा मैल. काटा तेराशे.

धाड. धाड. प्रत्येक लाथेला पिकअपची मागची बाजू दरीकडे सरकत होती. आरशात बघितलं... ट्रेलरच्या फटींतून धूर येत होता. मग वास आला. वासरांना डाग देताना येतो ना, जळक्या केसांचा, तो.

"मामा, झोपू नकोस! बोल काहीतरी!"

"तुझ्या गाडीत... कुणाला झोप येणार," तो पुटपुटला. ओठ पांढरे पडले होते. "माझ्याकडे नको बघू. काटा बघ."

तेराशे पन्नास.

मी रडत होते, हे कबूल करते. पण मी घोड्यांतच वाढलेय. अशा लाथा मारणारा घोडा रागावलेला नसतो.

त्याला बाहेर यायचं असतं.

आणि मागचं दार तारेने बांधलेलं होतं.

मी गाडी थांबवली. कुंपणाची पक्कड घेऊन मागे धावले. तार लालबुंद झाली होती. तोडली...

दार बंदुकीच्या गोळीसारखं उघडलं. मी रस्त्याच्या कठड्यावर जाऊन आपटले. भट्टीचं तोंड उघडावं तशी धग अंगावर आली.

दिसलं काहीच नाही.

फक्त ट्रेलरची जमीन दणाणली. खडी उडाली. खालच्या उतारावरची झुडपं मोडत गेली.

एक...

दोन...

तीन...

मी पुढे मोजायला थांबले नाही. मामाचं डोकं काचेवर टेकलं होतं.

गाडीत बसले, पाय दिला, आणि पिकअप शिंगरासारखा उधळला! काटा हजारावर. रेघ कुठल्या कुठे. मी तो घाट कसा उतरले, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

मामा वाचला. हात वाचला. दोन बोटं नाही वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या घोड्याने मारलं?" जखमेत नालाचा अख्खा ठसा होता, खिळ्यांसकट. कडा काळ्या. जळलेल्या.

"आमचा नव्हता," मी म्हणाले.

आठवड्याने मामाने टकला फोन लावला. मी शेजारीच होते. म्हाताऱ्याने आधी हेच विचारलं, "काटा कितीवर गेला होता?"

मामाने सांगितलं. 

"माझ्या मुलाला शर्यतीला उशीर होत होता," टक म्हणाला. "त्याच चढावर त्याने पाय काढलाच नाही. पिकअप पेटला, मागे ट्रेलरही. तो उडी मारून सुटला. मागचं दार उघडलं नाही."

"घोडे किती होते?" मी ओरडून विचारलं.

"चार."

फोन बंद झाला.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. दवाखान्यातून घरी येताना मीच चालवत होते. सपाट रस्ता. मागे रिकामा ट्रेलर.

काटा सातशेवर हवा होता.

साडेसातशेवर होता. घरापर्यंत.

राज्याच्या शर्यतीला मी मिंटीला दुसऱ्यांच्या ट्रेलरमधून नेलं. आमचा तबेल्यामागे उभा आहे. त्याचं मागचं दार मी काढूनच टाकलंय. तरी मिंटी रोज कुंपणापाशी जाऊन त्या अंधाऱ्या चौकटीकडे बघत उभी राहते, आणि हळूच फुरफुरते. घोडी दुसऱ्या घोड्याशी बोलते तशी.

काही घोडे नुसतं दार उघडून उतरत नाहीत. कुणालातरी आत जावं लागतं, मानेवर हात ठेवावा लागतो, दोर धरून बाहेर आणावं लागतं.

आमच्याकडे हे काम नेहमी मीच करते.

मी दोर घेऊन तीनदा त्या चौकटीपर्यंत गेलेय...