चेन लावणार नाही

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा माझ्या कडेवर बिनमुंडक्याचा पुतळा होता, त्याच्या अंगात मी शिवलेला दरबारी पोशाख. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने दार फटीएवढं उघडलं, आधी पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आधी कोणाला काढू?"

"यांना. यांचा मान मोठा."

तो हसला... आणि बाहेर पडताना मी उगाचच केस सारखे केले.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात हजर. मी जुन्या काळचे कपडे जसेच्या तसे शिवते : संग्रहालयांसाठी, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या लढाया मैदानावर पुन्हा लढून दाखवणाऱ्या हौशी मंडळींसाठी. हा त्या हौशींपैकी निघाला. आजवर पहिल्याच हल्ल्यात मरत आलेला. यंदा थेट सेनापती. त्याला सेनापतीचा डगला हवा होता, मानेपासून कमरेपर्यंत पाठीवर नाड्या असलेला.

मापं मी जरुरीपेक्षा जास्त वेळा घेतली, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात काजं करणारी आई शेवटी म्हणालीच, "खांदे काय रोज वाढतात का गं यांचे?"

डगला तयार झाला. अंगात घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, आतून एक चेन लावता येईल का, कोणाला दिसणार नाही अशी. मी साफ नाही म्हटलं. त्या काळी चेन नव्हती, तर माझ्या डगल्यातही नाही. नाड्या बांधायला पलटणीत माणसं काय कमी आहेत?

"बांधतात हो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या बायका, बहिणी येतात. मी आपला पाठ करून उभा... 'थांब, यांचं झालं की तुझं बघते.' त्यापेक्षा शिपाई बरा. डोक्यातून सदरा घातला की झालं."

सेनापतीपद तो परत देणार होता. खरंच देणार होता, डगला काढून घडी घालायलाही लागला. आईची सुई थांबली.

"चेन लावणार नाही," मी म्हटलं. "रविवारी मैदानावर मी येते."

"सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाता?"

"पुतळ्यांकडे जाते. ते वाद घालत नाहीत."

रविवारी गवत दवाने ओलं होतं, घोडे फुरफुरत होते. तो पाठ करून उभा राहिला. एकेक नाडी ओढत मी कमरेपासून वर आले. त्याची मान हळूहळू लाल होत गेली. मानेशी पोचले आणि हात थांबवले.

"ऐका. पुढच्या लढाईलाही मी येणार. लढाई नसेल त्या दिवशीही... चालणार असेल तर आत्ता सांगा. मग गाठ मारते."

तो वळायला लागला.

"वळू नका, सगळं सुटेल."

रणशिंग वाजलं. सैन्य खोळंबलं. समोर धुक्याकडे बघत तो म्हणाला, "हे सेनापतीला विचारताय की लिफ्टवाल्याला?"

"लिफ्टवाल्याला."

"तो केव्हाचा हो म्हणतोय... तुम्हीच मापं घेत बसलात."

मी गाठ मारली. पक्की.

तो सेनापती इतिहासात हरलेला आहे. शेवटी त्याने मान खाली घालून शरण जायचं असतं. आमचा सेनापती कानापर्यंत हसत शरण गेला. आयोजक अजून नावं ठेवतात.